तिसरी टीप

सगळा उन्हाळा मी कुत्र्यांचे मोजे शिवते.
जाड नायलॉन, एक टीप, उलटवून दुसरी टीप,
घोट्याशी चिकटपट्टी.
पुढच्या पायांना लाल, मागच्यांना काळे,
ही माझीच पद्धत, कुणी सांगितलेली नाही.
सोळा कुत्री, चौसष्ट पाय,
शंभर मैल गेले की जुने फेकून नवे,
आणि शर्यत हजार मैलांची.
मोजे मोजते, चुकते, पुन्हा मोजते.
वासिली म्हणायचा, अग्राफेना,
तुला सोडलं तर तू युकॉन नदीलाही टाके घालशील.
त्याला जाऊन चार हिवाळे झाले.
मशीन त्याचंच. पायटा अजून डावीकडे कुरकुरतो.

मार्चमध्ये गोठलेल्या नदीवरून दिवे येतात.
आधी एकच, चांदणीएवढा,
पण हलणारा.
मग गावातली बांधलेली कुत्री
बातमी आपणच आधी सांगावी म्हणून भांडतात
आणि पोरं बूट न बांधताच धावत सुटतात.

मारित पहाटे तीनला आली.
पापण्यांवर बर्फ, ओठ फुटलेले,
हातांना माशाच्या तेलाचा वास.
आधी कुत्र्यांना पेंढा पसरला,
आधी त्यांचं गरम पाणी,
कुऱ्हाडीनं फोडलेले सामनचे तुकडे,
आधी त्यांचे पंजे, एकेक, मलम लावून,
आणि मग शाळेच्या हॉलमध्ये भिंतीला टेकून
मला विचारलं,
"शेगडीवर ती बाई कोण बसलीय?"
शेगडीवर किटली होती.
म्हटलं, "माझी नणंद. तू झोप."

एका वेताला तिनं मसाल्यांची नावं ठेवली होती:
लवंग, दालचिनी, मोहरी.
सगळ्यांत पुढे धावायची ती जायफळ,
नऊ वर्षांची, एक कान दुमडलेला.
नावात झोप, अंगात नाही.
डॉक्टरनं तिचा पुढचा डावा पाय वाकवला.
ती कण्हली नाही. फक्त जीभ आत घेतली.
डॉक्टरही काही बोलला नाही.
मारितनं तिची दोरी सोडवून
माझ्या हातात दिली,
गावाला जाताना शेजारणीला किल्ली द्यावी तशी.

निघताना तिनं मागे पाहिलं नाही.
गाडीवाला मागे बघतो तेव्हा कुत्र्यांना कळतं, म्हणते.
जायफळ रडेल असं मला वाटलं होतं.
ती रडली नाही. तिनं ओढलं.
तीन पायांवर उभी राहून
दोरी ओढली, मला ओढलं,
मी धरलेला खांब,
खांबामागची शाळा, दफनभूमी, अख्खं गाव
त्या पंधराजणींच्या मागे न्यायचं होतं तिला.

पेंढ्यात सोळा खळगे उरले, अजून वाफाळणारे.
ती एकेक हुंगत गेली
आणि स्वतःचा सोडून
लवंगेच्या खळग्यात वेटोळं करून बसली.

विमान येणार होतं, वाऱ्यामुळे दोन दिवस आलं नाही.
नियमात नसताना मी तिला घरात घेतलं.
पायातला लाल मोजा काढला.
माझाच.
शिवण बोटभर उसवलेली,
आत बर्फाचा खडा, वाटाण्याएवढा.
मनगट दुखावतं वाटेवरच्या खड्ड्यांनी,
वयानं, वेगानं.
मोज्याचा काय संबंध, मी म्हटलं.
थोड्या वेळानं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं,
तर तिनं दुमडलेला कान उचलला.

वैमानिकानं तिला गळ्यापर्यंत पोत्यात घातलं.
ती त्याच्या खांद्यावरून समोर बघत बसली,
वाट जणू तिलाच दाखवायची होती.
मारित सतरावी आली, रेडिओवर ऐकलं.

मे महिन्यात बर्फ फुटतो
आणि काठावरच्या ओंडक्यांत मोजे सापडतात,
निळे, पिवळे, कुणाकुणाचे.
यंदा एक लाल होता, आत वाळू.
तिथंच बसून शिवण तपासली.
घट्ट होती. दुसऱ्याच कुठल्या पायाची.

आज नवं कापड आलं.
पहिल्या मोज्याला मी तिसरी टीप घातली,
दोरा जास्त लागेल, लागू दे.
मारितला सांगितलेलं नाही.