पाणी चालू

बावीस वर्षं मी समुद्राचं पाणी गोडं करतोय.
बारक्याच्या प्लांटवर, तिसऱ्या रांगेत,
पडद्यांवर साठ बारचा दाब,
इकडून खारं, तिकडून गोडं,
मधल्यामध्ये माझी शिफ्ट.
औशाचा माणूस मी. आमच्याकडे टँकर आला
की शाळा सुटायची.
अजून इथं नळ सोडला की
मनातल्या मनात घागर घेऊन पळतो.

ते राहू दे.

फुप्फुसात सापडलं तेव्हा
डॉक्टर रय्यांनी कागदावर चित्र काढलं:
ही तुमची पहारेकरी पेशी, हा तिचा ब्रेक.
गाठ त्या ब्रेकवर पाय देऊन बसलीये.
आम्ही तो पाय काढतो.
मी विचारलं, मग गाडी कुठं जाईल?
सवयच आहे. आमच्याकडे व्हॉल्व्ह उघडण्याआधी
रजिस्टरात सही करून हेच विचारायचं असतं.
जिथं जायला हवी तिथं, त्या म्हणाल्या.
बहुतेक वेळा.

दर तीन आठवड्यांनी अर्धा तास सलाईन.
केस गेले नाहीत. उलटी नाही.
लिंबाएवढी गाठ बोराएवढी झाली
तेव्हा हेमलतानं शिरा केला, काजू न मोजता.

सहाव्या डोसाआधी रक्त दिलं.
क्रिएटिनिन
पॉइंट नऊ असायचं,
तीन पॉइंट चार आलं.
काही दुखलं नाही. हेच मला पटेना.
प्लांटवर निदान भोंगा तरी वाजतो.

पाठीतून सुईनं तुकडा काढला,
तुटक्या शेवईएवढा.
काचेखाली दिसलं ते असं:
चाळण्या शाबूत,
पण नळ्यांभोवती माझेच पहारेकरी
दाटीवाटीनं, लाठ्या उगारून,
आणि चोर कुठंच नाही.
त्यांना काय बोलणार?
सोडलं मीच. कागदावर सही माझी आहे.

आणि ती पित्ताची गोळी,
आठ वर्षं शर्टाच्या खिशात,
रात्रपाळीच्या चहानंतर एक,
तिचाही हात असेल म्हणे.
इतकं घरचं माणूस, कोण संशय घेणार?

खमीस आला, स्वतःच्या बागेतला खजूर घेऊन.
पोटॅशियम, मी म्हटलं.
त्यानं डबा मिटला, मांडीवर ठेवला,
तासभर काही बोलला नाही.
जाताना माझ्या चपला सरळ करून गेला.

आता साठ मिलिग्रॅम स्टेरॉइड.
पहाटे तीनला पोहे खातो,
मग मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावतो.
तोंड सुजलंय. हेमलता म्हणते,
बाळसं धरलंय हो तुम्ही,
आणि पटकन गॅसकडे वळते.

ते औषध बंद. बोराएवढं जे आहे
ते आहे तिथंच. ते झोपलंय की टपून बसलंय
हे पुढच्या स्कॅनला.
पहारेकरी पुन्हा कधी सोडायचे, सोडायचे का,
डॉक्टर रय्या म्हणाल्या, बघू.
इतक्या शिकलेल्या बाईच्या तोंडून
हा शब्द मला आवडला.

तोवर बाथरूममध्ये मापाची बाटली,
आणि दाराला दोऱ्यानं पेन.
रकाने मीच आखलेत, प्लांटसारखे:
वेळ, आकडा, रंग, शेरा.
आज सोळाशे मिली.
कालच्यापेक्षा दोनशे जास्त.
शेऱ्यात काय लिहावं कळेना.
बाहेर बोअरवेल नाही, नदी नाही,
खाडीवरून खारा वारा येतोय,
हेमलता दाराबाहेरून विचारते, झालं का?
हाताला सवय होती तेच लिहिलं:
पाणी चालू.