पान एकशे बारा

चोडणच्या फेरीचा दोर सोडता सोडता
उल्हासनं पुस्तक हातात कोंबलं :
"माशेलच्या बाईंचं. संपलं की पुढं दे,
परत नको."

कव्हर गेलेलं. आत हुमणाचा तांबूस डाग,
अबोलीचा चुरा,
आणि एकशे बाराव्या पानावर बारीक पेन्सिल :
'इथं थांब. आधी जेवून घे.'

मी हसले, पान उलटलं.

भात ताटात गार होऊन गेला.
पहाटे कधीतरी डोळे पुसले,
तेव्हा शेजारी पोदेराचा भोंगा वाजत होता.

बाईंना सांगायचं होतं, तुमचं ऐकलं नाही.
उल्हास म्हणाला, त्या चवथीआधीच गेल्या.

आता पिएदादच्या नातीला देतेय.
पोर सावकाश वाचते, बोट ठेवून.
माझं म्हणून काही लिहिलं नाही;
पुसट झालेली ती ओळ
तेवढी गिरवली.