मागचा डबा

पहिल्या डब्यासाठी भांडणाऱ्यांनी खुशाल भांडावं.
मी शेवटच्या डब्यात बसते.
पुढच्यांना नुसतं दिसतं,
मागच्यांना खेचलं जातं.
उतार लागायच्या आधीच
शेपटीला तो कळलेला असतो.

हे मी बावीस वर्षं सांगते आहे
म्हापशाच्या वीज खात्यात, दुपारच्या डब्यावर,
आणि वासंती गांवकर बावीस वर्षं म्हणते,
"तुका पिशें लागलां गो."
असेल.
फंडाच्या पैशांतून लोक गॅलरी वाढवतात,
मी बंगळूर, हैदराबाद, एकदा सिंगापूर.
एकशे एकोणीस फेऱ्या, वहीत, तारखांसकट.

तर माझं म्हणणं असं:
उलटं टांगणारे लूप म्हणजे नुसता दिखाऊपणा.
खरा तो पोटातला रिकामा अर्धा सेकंद,
जेव्हा सीट खाली गेलेली असते
आणि आपण अजून वरच.
डोळ्यांवर चष्मा चढवून खुर्ची हलवतात,
त्याला राइड म्हणायचं
तर फोटोतल्या बांगड्यालाही वास येतो म्हणा.
रांग हवी. रांगेशिवाय भीती मुरत नाही.
वॉटर पार्क मी मोजत नाही.
गोव्यात तिकीट लावून पाणी विकण्याबद्दल
बोलायला लागले तर रक्तदाब वाढतो.
आणि बाहेर पडताना विकतात
तो किंचाळतानाचा फोटो मी कधीच घेतला नाही.
तो चेहरा मला ठाऊक नसलेलाच बरा.

आमच्याकडे कॅसिनो आहेत,
माझ्या मापाचा रोलर कोस्टर नाही.
हरायची सोय आहे, पडायची नाही.

म्हणून पौषात बोडगेश्वराची जत्रा.
कापणी झालेल्या शेतात,
खाज्यांचे ढीग आणि मौत का कुआँ यांच्या मध्ये
तो उभा असतो: हिरवा ड्रॅगन, एक कान तुटका,
सहा डबे, उंची जेमतेम अर्ध्या माडाएवढी,
रुळांखाली लाकडी ठोकळे,
ठोकळ्यांखाली भाताचे खुंट.

हैदराबादच्या पोलादात हिशेब आहे.
इथे इराप्पा आहे.

इराप्पा विजापूरकडचा, तेवीसेक वर्षांचा,
एका हातात लिव्हर, दुसऱ्यात चहा.
एका रात्रीत सात फेऱ्या घेणाऱ्या बाईला
तो मॅडम म्हणत नाही,
"परत?" म्हणतो.

काल साडेबारा वाजले होते,
गर्दी नाटकाच्या मंडपाकडे वळलेली.
मी विचारलं, "तू कुठे बसतोस, पुढे की मागे?"
तो हसला. चाळीस गावांत त्याने हा ड्रॅगन
बांधला, सोडवला, ट्रकवर चढवला.
बसला कधीच नाही. लिव्हरपाशी कोण थांबणार?

म्हटलं, अरे, मी वीज खात्याची.

पहिल्यांदाच मी बाहेर.
बाहेरून ते सगळं किती पटकन संपतं!
रूळ धापा टाकल्यासारखे खालीवर होतात,
ठोकळे ढेकळांत रुततात,
आणि वरच्या वळणावर, जिथे मी दरवर्षी हात सोडते,
तिथे इराप्पा दांडा घट्ट धरून, डोळे मिटून,
मान जराशी कललेली,
बंद दाराला कान लावावा तशी.

तीन चकरा. मग मी लिव्हर ओढला,
दोन्ही हातांनी, घामाने निसटत होता.
इराप्पा उतरला, थोडा डगमगला.
मी वही उघडली होती. विचारणार होते
पोटाचं, त्या अर्ध्या सेकंदाचं.

"तिसऱ्या वळणावर खट् होतंय," तो म्हणाला,
"पाचर सैल झाली,"
आणि हातोडी घेऊन रुळांखाली शिरला.

तो खट् माझ्या वहीत आहे.
सलग चार वर्षं.
दर वेळी त्याच्यापुढे लिहिलंय: अप्रतिम.

मी वाकून मोबाईलचा उजेड धरला.
त्याने तीनदा ठोकलं, रुळाला कान लावला,
पुन्हा एकदा ठोकलं.
तिकडे नाटकात कुणीतरी मेलं असावं,
खूप टाळ्या पडल्या.