ओळखीचं वजन

माझा धंदा तराजूंचा.
मत्राहच्या सुकात, सोनारांच्या गल्लीत
शटरं वर जायच्या आधी मी पेटी उघडतो.
मखमलीच्या खळग्यांत निजलेली पोलादी वजनं,
एक ग्रॅम, पाच, वीस, पन्नास.
चिमट्यानंच उचलायची.
बोटाच्या घामालासुद्धा इथे वजन असतं,
आणि जुलैत मस्कतला घामाचा तुटवडा नाही.

काटा जरा सरकला, तर हबीब लवातींसारख्या
जुन्या गिऱ्हाइकालाही मी शिक्का मारून देत नाही.
म्हणून सांगतो, राग कुठून आला.

मार्चमध्ये कॉर्निशमागच्या क्लिनिकात
तीन महिन्यांची साखर निघाली सात पूर्णांक नऊ.
मे महिन्यात सुट्टीवर, कुडाळच्या लॅबमध्ये, सहा आठ.
शैलजानं तो कागद देवापाशी ठेवला
आणि मी त्या आनंदात दोन आंबे खाल्ले,
लपवत नाही.
परतल्यावर रुवीत, विमावाल्यांच्या लॅबमध्ये, सात चार.

तीन गावं, तीन कागद.
हात एकच, डावा.

खोलीत इस्माईल परकार म्हणाला,
"तुला स्वस्तातली साखर हवी ना? मग कुडाळचीच धर."
तो खेडचा. त्यालाही आहेच.
दर रमजानच्या आधी तो अशी लॅब शोधतो
जिचा आकडा बघून डॉक्टर रोजांना नाही म्हणणार नाही.

मी मात्र हट्टाला पेटलो.
एका शनिवारी सात वाजता मत्राहला रक्त दिलं,
कोपराशी कापूस दाबून टॅक्सीत बसलो,
आठ वाजता रुवीत पुन्हा तोच हात पुढे केला.
या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही,
तरी राहिलो. परीक्षा म्हटली की पोट आपोआप बांधलं जातं.

सात आठ.
सात दोन.
दोन डोंगरांमधल्या त्या एका तासात
कुठे सांडली माझी साखर?

दोन्ही कागद घेऊन लिसम्माच्या खिडकीशी गेलो.
म्हटलं, बाई, मी काटे तपासतो.
मला एवढंच सांगा, तुमचं ओळखीचं वजन कुठलं?

ती हसली नाही.
फ्रिजमधून दोन इवल्या बाटल्या काढून दाखवल्या.
कुणाचं तरी, नाव नसलेलं रक्त,
आणि त्याचा आकडा आधीच ठरलेला.
रोज सकाळी पहिल्यांदा हे, म्हणाली.
मशीननं हा आकडा बरोबर सांगितला, तरच पुढे तुम्ही.
वहीत रेघेच्या वर-खाली ठिपके होते,
रेघेवर नेमके बसलेले फार थोडे.
"रुवीचं मशीन वेगळं, पद्धत वेगळी," ती तुटक हिंदीत म्हणाली,
"तुमच्या काट्याला थोडं इकडेतिकडे चालतं ना?"

चालतं.
तेरा वर्षं मीच लिहितो ते प्रमाणपत्रावर,
तळाशी, बारीक अक्षरात: अधिक-उणे इतकं.
कुणी वाचत नाही.
माझ्या रक्ताच्या कागदावर ती ओळच नव्हती,
आणि मी दशांशापुढचा आकडा
अब्रूसारखा खिशात घेऊन फिरत होतो.

"एकच जागा धरा," ती म्हणाली. "तीन महिन्यांनी इथेच या."
मग पुढच्या माणसाचा दंड बांधायला वळली.

रात्री फोनवर शैलजा:
"साखर किती इली?"
"सात... वर थोडी."
"थोडी म्हणजे?"
"अधिक-उणे."
ती गप्प. पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला.
"मगे ते दोन आंबे?"

आज हबीब लवातींच्या दुकानात काटा लावून झाला.
त्यांनी कहवा ओतला, खजुराचं ताट पुढे केलं.
नको म्हणणं बरं दिसत नाही.
एक उचलला, मधून फाडला, बी बाजूला काढली,
आणि अर्धा, का कोण जाणे, पारड्यात ठेवला.
चार ग्रॅम, एकशे वीस मिलिग्रॅम.
"किती भाव लावू?" म्हातारा म्हणाला.
मी तो तोंडात टाकला,
रिकामा कप हलवून परत दिला, बास म्हणून,
आणि पारड्यावरचा चिकटपणा
हरणाच्या कातड्यानं पुसत बसलो.
काटा शून्यावर यायला वेळ लागला.