तौनोच्या गाडीची पाठ

जूनमध्ये आमच्या काइनूत रात्र होतच नाही.
अकरा वाजता सूर्य तळ्याच्या काठाशी टेकतो,
बसू की उठू असं करतो,
आणि उठतोच.
त्या उन्हातही माझ्या दुधाच्या टँकरचे
पुढचे दोन्ही दिवे लागलेले असतात.

वडील म्हणायचे, सूर्याला काजवा दाखवू नये.
पण बल्ब तेच विकत आणायचे,
आणि पैसे मोजणारा माणूस
उजेडाबद्दल जरा वेगळा विचार करतो.

तौनोशी माझं भांडण यावरूनच.
तो वाहन तपासणी केंद्रातला.
तीस वर्षं निळा डगला, वरच्या खिशात दांडीचा आरसा,
आणि एक पेन्सिल, जी बहुतेक
'नापास' लिहूनच झिजली.
एका बल्बपायी त्यानं मला परत पाठवलं,
नव्वद किलोमीटर. सकाळची फेरी बुडाली.
मी ओरडले, भर दुपारी कुणाला दिसत नाही रे मी?
एवढी पंधरा टनांची बाई?
तो म्हणाला, ज्याला तू दिसत नाहीस
तो तसं सांगायला येणार नाही.

हे वाक्य मला आवडलं नाही.
घरी जाताना तीनदा म्हणून पाहिलं.

माझंही एक म्हणणं होतं, आजही आहे.
सगळ्यांनी दिवे लावले
की ज्याच्याकडे दिवा नाही तो आणखी पुसला जातो.
थांब्यापर्यंत बर्फगाडी रेटत जाणारा
लेंपीचा धाकटा,
रस्त्यात उभं राहून विचार करणारं रेनडियर.
डोळ्यांना एकदा चकाकीची सवय लागली
की साधं काही दिसेनासं होतं.
तौनो यावर कॉफी ढवळत बसायचा.
उत्तर नसलं की तो साखर घालायचा.

मग तो निवृत्त झाला, आणि नवी गाडी घेतली,
राखाडी, बर्फाळ दिवसाच्याच रंगाची.
पेट्रोलपंपावर मला बाहेर बोलावून दाखवली:
हे बघ, सुरू केली की आपोआप लागतात.
आता विसरायची सोयच नाही.
लहान मुलगा दात दाखवतो
तसे त्या गाडीनं दिवे दाखवले.

फेब्रुवारीत कुहमोच्या रस्त्यावर
लाकडाचा ट्रक पुढे गेला
आणि मागे बर्फाचा धूर सोडून गेला.
रस्ता, आभाळ, झाडं, सगळ्यावर एकच चुना.
माझ्यापुढे काहीच नव्हतं.
मग ते काहीच हळूहळू मोठं होऊ लागलं.

ब्रेक दाबला तरी दूध थांबत नाही.
टाकी थांबते, आणि दूध मागून येऊन
पाठीत ढकलतं.
थांबले तेव्हा मधे एका माणसापुरती जागा होती.

तौनोची गाडी.
पलीकडे, तिच्या पुढ्यात, बर्फावर
पांढरा उजेड ऐटीत पडलेला.
अलीकडे, माझ्याकडे,
दोन लाल काचा, मेलेल्या.

तो उतरला. मागे आला. वाकला.
हातमोजा काढून काचेवर तळवा ठेवला,
ताप बघतात तसा.
मग सवयीनं वरच्या खिशात हात घातला.
आरसा नव्हता.

पुढचे आपोआप लागतात, तो म्हणाला.
मला वाटलं...
वाक्य त्यानं तिथंच सोडलं.

आत बसून त्यानं दांडी फिरवली.
काच खाली करून विचारलं, लागले?
लागले.
दोन्ही?
दोन्ही.
नक्की ना, एलिना?
तीस वर्षांत त्यानं मला नावानं हाक मारली नव्हती.
नक्की, मी म्हटलं,
आणि लाल उजेडात माझे बूट पाहत
जरा उभीच राहिले.

डेअरीत पोहोचले तरी टाकीत दूध हेलकावतच होतं.
उशीर का, कुणी विचारलं नाही.
मी इंजिन चालू ठेवून उतरले
आणि मागे जाऊन पाहून आले.