शेक

गाडी पंचाण्णवची ब्युइक, रंग एके काळी मरून होता.
रात्रभर शटरच्या आत ठेवली, इंजिन निवावं म्हणून.
युमात, जुलैत, निवणं म्हणजे
हात लावला तर कातडी सोलत नाही, एवढंच.

बोर्गहिल्डबाई सकाळी सातलाच आल्या,
स्टुलावर बसल्या, पर्स मांडीवर.
वय एक्क्याऐंशी. नवरा गेल्यावर
मुलीनं मिनेसोटाहून इथे आणलं, गाडीसकट.

कूलंट कमी होतंय, मी म्हणालो, पण खाली थेंब नाही.
बॉनेटखाली टॉर्च धरून दाखवलं:
करंगळीएवढ्या दोन नळ्या,
एक गरम पाणी आणते, एक नेते,
आणि मधे ही झडप, हिच्यातून इंजिन श्वास घेतं.
हिचं गास्केट गेलंय. पाणी आतच पाझरतंय.

"तिथे गरम पाणी कशाला?"
शेकायला.
दमट थंडीत झडपेवर बर्फ धरतं,
मग पाय काढला तरी ती मिटत नाही.
त्यांनी आपल्या गुडघ्यावर हात ठेवला.
"म्हणजे रबरी पिशवी."
मी वीस वर्षं हे काम करतोय,
इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि इथे?"
इथे काही उपयोग नाही. इथे सगळंच शेकून निघतं.
दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाकतो, झडप वगळून.
पोरं म्हणतात, असं केलं की गाडी जोरात पळते.
पळत नाही.
गळायची थांबते.

आधी चुलाला ऑफिसात कोंडलं;
हे हिरवं पाणी चवीला गोड, कुत्री चाटतात आणि मरतात.
खाली घमेलं सरकवलं. क्लिपा सैल केल्या.
तीस वर्षं एका जागी बसलेलं रबर
ओढून येत नाही, पिळावं लागतं,
मग एकदम येतं
आणि मनगट बॅटरीवर आपटतं.
बाई म्हणाल्या, "रक्त येतंय."
येऊ दे म्हटलं.
पितळेची बोटभर नळी, दोन्हीकडून रबर चढवलं, आवळलं.
पाऊण तासाचं काम, त्यातला अर्धा तास पहिल्या क्लिपेचा.

आता आत अडकलेली हवा काढायची.
रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून गाडी चालू करायची,
आणि हीटर पूर्ण.
बाहेर एकशे सोळा डिग्री.
तुम्ही ऑफिसात बसा, मी म्हणालो, तिथे एसी आहे.

त्या उठल्या, आणि गाडीत जाऊन बसल्या.
ड्रायव्हरशेजारी.
दार लावलं. काच वर घेतली.

मी काचेवर टकटक केलं.
बोटभर काच खाली आली,
आतून भट्टीचा झोत, आणि त्यात
लोकरीचा, धुळीचा, जुन्या पेपरमिंटचा वास.
"ऑर्विल आधी गाडी चालू करून यायचा," त्या म्हणाल्या,
"मग मला उठवायचा.
मी कधी गार सीटवर बसलेच नाही."
काच परत वर.

मी पुढे गेलो. रेडिएटरच्या तोंडाशी
एक मोठा बुडबुडा आला, फुटला, पाणी खाली गेलं.
भरलं. पुन्हा एक. पुन्हा भरलं.
मग बारीक बारीक.
सहज त्या वगळलेल्या झडपेला बोट लावलं:
चांगलीच तापली होती.
इंजिनाला चिकटून बसलेली,
तिला कोण गार राहू देतंय.

काचेआड त्यांचे डोळे मिटलेले,
कपाळावरून घाम, पर्स अजून मांडीवर.
मी दोन बोटं दाखवली, दोन मिनिटं.
डोळे न उघडताच त्यांनी मान हलवली,
म्हणजे त्या बघत होत्या.

ऑफिसात चुला दार खरवडत होती.
बुडबुडे केव्हाच थांबले होते.
मी टॉर्च धरून वाकून उभा राहिलो,
अजून एखादा यायचा आहे असा.