मृताशी नाते

रजिस्टरात तेरा रकाने आहेत.
बाराव्यात बाप्तिस्म्याची तारीख.
ती नसेल तर जागा नाही, हा ठराव
पंचकमिटीनं केला तेव्हा
मीच अनुमोदक होतो. खाली सही आहे:
एबेनेजर आढाव, सचिव.

जागा थोडी, मंडळी फार,
आणि तुर्भ्याच्या या कडेला
साडेतीन फुटांवर खाडी वर येते.

मंगळवारी पालिकेच्या इस्पितळातून
सिस्टर केझियाचा फोन.
आढावभाऊ, एक बेवारस आहे.
कांदा-बटाटा मार्केटात गोणी उचलता उचलता
खाली बसला, तो उठलाच नाही.
सात दिवस झाले, कोणी आलं नाही.
गळ्यात क्रूस आहे.

मी रात्रभर ठरावाशी भांडलो.
ठराव खोटा नव्हता, कोरडा होता.
विहिरीत पडलेला बैल
विश्रांतीच्या दिवशी काढावा की नाही
हे एकदा बैलाला विचारा,
असं आमचे जुने पाळक, रेव्हरंड भांबळ, म्हणायचे.
प्रीती हाच कायदा, बाकी सगळे पोटनियम.
मला ते फार आवडायचं.
वर्गणी थकलेल्यांना मी ते कधी ऐकवलं नाही, एवढंच.

बाराव्या रकान्यात तारीख घातली
माझ्या धाकट्या बहिणीच्या बाप्तिस्म्याची,
कारण खोटी तारीखही
कुठंतरी एकदा खरी असलेली बरी.
साक्षीदार: मीच.
तेराव्यात, मृताशी नाते: शेजारी.

चार माणसं, एक पाळक, एक गीत.
खड्ड्यातलं पाणी बादलीनं उपसलं.
घरी येऊन मी गाढ झोपलो.
हे सांगायलाच हवं.
कित्येक वर्षांत तसा झोपलो नव्हतो.

एकोणिसाव्या दिवशी त्याचा भाऊ आला,
मोखाड्याहून. रूपजी.
हातात मुकादमानं लिहून दिलेली चिठ्ठी.
क्रूस? म्हणाला. ती माळ होय.
कांद्याच्या गोणीत सापडली त्याला.
चमकायची म्हणून घातली.
मग बराच वेळ काही नाही.
मग: आम्ही जाळतो.

मी समजावू लागलो, प्रेमापोटी केलं
आणि माझ्याच तोंडून तो शब्द
कचेरीच्या शिक्क्यासारखा वाजला.
भिजलेला बैल दिसला
आणि मी त्याला माझ्या गोठ्यात बांधला.

त्यानं रजिस्टर मागितलं.
बोट ठेवून, अक्षर लावत वाचलं.
शेजारी, म्हणाला. तुम्ही मार्केटात राहता?
नाही. वाशीला. सेक्टर नऊ.
मग?
या ‘मग’चं उत्तर रेव्हरंड भांबळांनी
दिलंही असेल एखाद्या रविवारी.
मी मागच्या बाकावर दानपेटीचा हिशेब लिहीत असेन.

म्हटलं, उकरता येणार नाही,
त्याला कोर्टाचा कागद लागतो.
काय करायचं ते तू सांग.
हे आधीच विचारायचं होतं.
आता विचारताना लाज वाटली,
कोणाच्या घरी पोटभर जेवून
हात धुताना त्याचं नाव विचारावं, तशी.

डोकं कुठल्या बाजूला, त्यानं विचारलं.
दाखवलं.
मूठभर माती फडक्यात बांधली, घरी न्यायला.
इथं चार काटक्या तरी, म्हणाला.
आवारात विस्तव लावू नये
हेही त्याच ठरावात आहे, कलम सहा.
काटक्या ओल्या. तीनदा विझल्या.
चौथ्यांदा मी पिशवीतून
वर्गणीच्या पावतीबुकाच्या स्थळप्रती काढून दिल्या.
त्या पेटल्या.

धूर बघून रखवालदार धावत आला.
काय जाळताय, भाऊ?
कचरा म्हटलं असतं
तर तो आल्या पावली परत गेला असता.
रूपजी माझ्या शेजारी उभा होता.